वृद्धाश्रम बघायला जाताना नेमकं काय बघायचं

२०११ च्या जनगणनेत गोव्यात साठीच्या वरची माणसं ११ टक्क्यांच्या पुढे होती, देशाची सरासरी तेव्हा साडेआठच्या आसपास, आणि या बाबतीत आपल्या पुढे फक्त केरळ. आकडा जुना झाला पण फोंडा, डिचोली, पेडणे, कुठल्याही वाड्यावर फिरून बघा, मोठाल्या घरात दोन म्हातारी माणसं, मुलगा पुण्याला नाहीतर बेंगळुरूला, मुलगी दुबईला, कोणी बोटीवर, कोणी पोर्तुगीज पासपोर्ट काढून थेट इंग्लंडला. मग एक दिवस आई बाथरूममध्ये पडते, खुब्याचं ऑपरेशन होतं, मुलाला जेमतेम सुट्टी मिळालेली असते आणि तेवढ्यात त्याला आईची सोय लावायची असते. अशा घाईत माणूस डोळ्याला जे पटकन दिसतं तेच बघतो, म्हणजे बाग, नवीन टाइल्स, टीव्हीचा हॉल, देवघर, आणि गोड बोलणारा मॅनेजर. यातलं काहीच वाईट नाही, पण यातल्या एकाही गोष्टीवरून तिथे माणूस सुरक्षित राहील की नाही ते कळत नाही.

मी नर्स आहे, घरोघरी ड्रेसिंग, कॅथेटर (लघवीची नळी) बदलणं, इन्सुलिन शिकवणं अशी कामं करते आणि त्यासाठी आश्रमांमध्येही माझं येणं-जाणं असतं. कुठला आश्रम चांगला ते सांगा ना सिस्टर, असं लोक विचारतात, आणि मी नाव सांगण्यापेक्षा बघायचं कसं ते सांगते, कारण स्टाफ बदलला की तोच आश्रम सहा महिन्यांत वेगळा होतो.

पहिली आणि सगळ्यात मोठी गोष्ट. तुम्हाला फिरवून दाखवताना ज्या आजी छान साडी नेसून गप्पा मारतात त्यांच्यावरून काहीच ठरवू नका. त्या स्वतः उठून पाणी पितात, भाजी आवडली नाही तर बोलतात, कोणी चुकीचं वागलं तर मुलाला फोन करतात, त्यांची तब्येत बरीचशी त्यांच्याच हातात आहे. तुम्ही त्या आश्रमातल्या सगळ्यात लाचार माणसाकडे बघायचं, जो अंथरुणाला खिळलाय, ज्याला बोलता येत नाही, ज्याला भेटायला कोणी येत नाही. त्याला कसं ठेवलंय ती त्या आश्रमाची खरी पत. शिवाय आज चालती-बोलती असलेली तुमची आई चार वर्षांनी त्याच खाटेवर असू शकते, मग तिला काय मिळेल ते आत्ताच दिसतं.

त्या खोलीत नेत नसतील, 'तिकडे पेशंट झोपलेत' म्हणत असतील, तर दोन मिनिटं दारातून तरी बघू द्या असं सांगा. (त्या माणसाचा मान राखून हं, फोटो काढू नका, पांघरूण ओढू नका.) ओठ सुकलेत का, नखं वाढलीत का, तोंडाला वास येतो का, पाण्याचा ग्लास हात पोचेल इतक्या अंतरावर आहे की समोरच्या कपाटावर, बेलचं बटण उशीशी आहे की भिंतीवर वर अडकवलेलं. हाताला कपड्याची पट्टी बांधून ती खाटेच्या दांडीला बांधलीय का ते नक्की बघा, 'नळी ओढतात म्हणून बांधतो' हे कारण मी खूपदा ऐकते, पण बांधलेला माणूस जास्त घाबरतो, जास्त ओढाताण करतो आणि त्यात खाटेवरून पडला तर जास्त लागतं. अगदी थोड्या वेळासाठी बांधायची वेळ आलीच तर डॉक्टरांनी लिहून दिलेलं पाहिजे आणि घरच्यांना माहीत पाहिजे.

आता बेडसोर, कारण यावरून आश्रमाचं जितकं कळतं तितकं दुसऱ्या कशावरून कळत नाही. माणूस एकाच कुशीवर पडून राहिला की हाड आणि गादीच्या मध्ये कातडी दाबली जाते, तिथला रक्तपुरवठा बंद होतो, आणि काही तासांत आतलं मांस मरायला लागतं. माकडहाड, खुबा, टाच, या जागा आधी जातात. सुरुवातीला नुसता लाल डाग असतो जो बोटाने दाबला तरी पांढरा पडत नाही, आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर तो लाल दिसतही नाही, म्हणून हात लावून बघावं लागतं, ती जागा आजूबाजूपेक्षा गरम किंवा कडक लागते. हे टाळायचं तर साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची, कातडी कोरडी ठेवायची आणि पोटात प्रथिनं जायला पाहिजेत. एअर बेड (पंपाने हवा भरायची गादी) असला तरी कूस बदलावीच लागते, 'आमच्याकडे सगळे एअर बेड आहेत' या उत्तरावर समाधान मानू नका. कूस बदलल्याचा चार्ट मागा. तो असेल तर त्यात रात्री १२, २, ४ च्या नोंदी आहेत का, सगळ्या एकाच पेनाने एकाच दमात लिहिल्यासारख्या वाटतात का, आणि सकाळी अकरा वाजता तुम्ही बघताय तर दुपारी चारची सही आधीच झालेली नाही ना. मी झालेली बघितलीय.

बाहेरून येतानाच जखम घेऊन आलेले पेशंटही असतात, त्यामुळे आश्रमात एक बेडसोर दिसला म्हणजे आश्रम वाईट असं नाही. जखम कधी झाली, कुठे झाली, ड्रेसिंग कोण करतं, कमी होतेय की वाढतेय, हे विचारल्यावर पटापट उत्तरं मिळतात का, ते महत्त्वाचं.

तसंच लघवीच्या पिशवीचं. कॅथेटर घालायला काहीतरी वैद्यकीय कारण लागतं, पण कुठे कुठे डायपर बदलायला माणसं नाहीत म्हणून सरसकट नळी घालून ठेवतात. नळी जितके दिवस आत तितका इन्फेक्शनचा धोका जास्त, आणि म्हाताऱ्या माणसात लघवीचं इन्फेक्शन झालं की कधी कधी ताप येण्याआधीच तो असंबद्ध बोलायला लागतो, घरचे म्हणतात बाबांना वेड लागलं. खोलीत शिरताना वासाकडेही लक्ष द्या. कोणाला नुकतीच शी झाली असेल तर वास येणारच, तो अर्ध्या तासात जायला पाहिजे, पण गादीत मुरलेला जुना लघवीचा वास आणि वरून फिनेल नि रूम फ्रेशनर, हा वास वेगळा असतो आणि तो एका दिवसात तयार होत नाही.

मग रात्र. दिवसा अकरा वाजता सगळेच आश्रम बरे दिसतात कारण डॉक्टर असतो, मालक असतो, आया असतात, तुम्ही असता. पडणं, भ्रम होणं, दम लागणं, वाट चुकून बाहेर निघून जाणं हे पुष्कळदा रात्री होतं आणि तेव्हाच माणसं सगळ्यात कमी असतात. त्यामुळे एकूण स्टाफ किती हा प्रश्न विचारूच नका, रात्री दोन वाजता किती जण असतात, त्यातले जागे किती, आणि त्यांच्यावर किती म्हातारी माणसं, त्यातली किती उचलावी लागणारी, असं विचारा. दोन मजल्यांवर मिळून एकच आया आणि ती दिवसाची ड्युटी करून तिथेच झोपलेली, हे उत्तर मिळालं तर मग टाइल्स कितीही छान असू देत. ग्रिलला रात्री कुलूप असतं का, ते बहुधा असतंच, विस्मृतीचे पेशंट बाहेर जाऊ नयेत म्हणून ते समजण्यासारखं आहे, पण किल्ली कोणाकडे असते? मॅनेजर घरी घेऊन जात असेल आणि शॉर्टसर्किट झालं तर आतली माणसं बाहेर कशी येणार? अग्निशामक दलाची एनओसी आहे का, आग विझवायच्या सिलिंडरवरची तारीख काय, बाहेर पडायचा दुसरा रस्ता खरंच मोकळा आहे की तिथे जुन्या खाटा रचल्यात, हे स्वतः चालत जाऊन बघा.

आपल्याकडे पावसाळा हा वेगळा विषय आहे आणि शक्य असेल तर आश्रम जून-जुलैत बघावा असं माझं स्पष्ट मत आहे. डिसेंबरात सगळं कोरडं नि सुंदर असतं. पावसात चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, व्हरांड्यात पाणी येतं, गाद्यांना बुरशी लागते, कपडे वाळत नाहीत म्हणून ओलसरच घातले जातात, वीज जाते ती कधी कधी रात्रभर. कोणाला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लागत असेल तर तो विजेवर चालतो, एअर बेडचा पंपसुद्धा विजेवर, त्यामुळे इन्व्हर्टर आहे एवढ्याने भागत नाही, तो नेमकं काय काय चालवतो आणि किती तास, ऑक्सिजनचा भरलेला सिलिंडर जवळ आहे का, हे विचारायचं. आणि बांबोळीचं जीएमसी (गोवा मेडिकल कॉलेज), म्हापशाचं आझिलो किंवा मडगावचं जिल्हा इस्पितळ तिथून प्रत्यक्ष किती वेळात येतं, १०८ आली तर आतल्या अरुंद रस्त्यावरून दारापर्यंत पोचते का, आणि पेशंटसोबत इस्पितळात कोण थांबणार. हा शेवटचा प्रश्न लोक विसरतात, मग रात्री तीनला फोन येतो की आजीला कॅज्युअल्टीत सोडलंय, कोणीतरी या, आणि मुलगी अबुधाबीत.

बाथरूम तुम्ही स्वतः वापरून बघा, खरंच सांगते, पाहुण्यांचं नको, पेशंटचं. ओली फरशी घसरते का, कमोडच्या बाजूला धरायला दांडा आहे का आणि तो जोर लावल्यावर हलतो का, दार बाहेर उघडतं का (आत उघडणारं दार असलं आणि माणूस दारातच पडला तर ढकलता येत नाही), खाटेपासून कमोडपर्यंत रात्री दिवा असतो का. व्हीलचेअरचा रॅम्प एक फूट उंचीला निदान बारा फूट लांब लागतो, आपल्याकडे दोन पायऱ्यांवर सिमेंट ओतून रॅम्प म्हणतात, त्यावरून चेअर ढकलणारी आया स्वतःच घसरते. गिझरचं पाणीही बघा, जुन्या डायबेटीसमध्ये पायांना चटका कळत नाही, लक्षात येईपर्यंत कातडी भाजलेली असते.

औषधांचं कपाट उघडून दाखवा म्हणावं. प्रत्येकाची औषधं वेगळी, नाव लिहिलेली, आणि दिल्यावर सही केलेला चार्ट असला पाहिजे. सगळ्यांच्या गोळ्या एका ताटात काढून वाटत असतील तर चूक होणं ठरलेलं. इन्सुलिन टोचल्यानंतर जेवण किती वेळात येतं ते विचारा, जेवण लांबलं की साखर ७० च्या खाली जाते, माणूस घामाघूम होतो, बरळतो, आणि रात्रीच्या आयाला वाटतं झोपलाय. आणि झोपेच्या गोळ्या! दुपारी चारला हॉलमध्ये सगळे माना टाकून बसलेले दिसले तर विचारा की किती जणांना शांत राहायची औषधं चालू आहेत, कोणी लिहिली, शेवटचं कधी तपासलं. स्टाफ कमी असला की गोळी वाढते, आणि गोळी वाढली की पडणं वाढतं, घास श्वासनलिकेत जाणं वाढतं. म्हणून भरवताना बघायला मिळालं तर जरूर बघा, माणसाला ताठ बसवून, छोटा घास, गिळल्यावर पुढचा, आणि जेवणानंतर निदान अर्धा तास तसंच बसवलेलं. आडवं ठेवून घाईने पेज ओतत असतील तर न्यूमोनिया फार लांब नाही.

जेवणाचा मेनू सगळेच दाखवतात, मेनूपेक्षा वजनाचं रजिस्टर बघा. दर महिन्याला वजन करतात का? ५० किलोच्या बाईचं एका महिन्यात अडीच किलो वजन गेलं तर ते गंभीर आहे, डॉक्टरला दाखवायला पाहिजे. दुसरं म्हणजे संध्याकाळी सहाला जेवण नि सकाळी साडेआठला नाश्ता असं वेळापत्रक असेल तर मध्ये साडेचौदा तास पोट रिकामं, निदान झोपताना दूध-बिस्किट तरी? बाकी शीत-कडी (भात-आमटी) मिळते का, सोमवारी गुरुवारी शिवराक (शाकाहारी) मिळतं का, नुस्तं (मासे) खाणाऱ्याला नुस्तं मिळतं का, यात लाजण्यासारखं काही नाही, ऐंशी वर्षं जे खाल्लं ते बंद झालं की माणूस खाणंच सोडतो. भाषेचंही तसंच, बऱ्याच ठिकाणी आता केअरटेकर मुली ओडिशा, झारखंड, आसामच्या असतात, त्यातल्या कितीतरी जणी जीव लावून करतात, पण विस्मृती वाढली की म्हातारं माणूस हिंदी विसरतं आणि फक्त कोंकणी नाहीतर मराठी उरते. तेव्हा 'पोटात दुखतंय' हे समजणारं निदान एक माणूस प्रत्येक पाळीत पाहिजे.

आता तुम्ही म्हणाल हे सगळं आपणच बघायचं तर सरकार काय करतं. इंग्लंडमध्ये केअर क्वालिटी कमिशन नावाची संस्था २००९ पासून आहे, तिचे लोक केअर होममध्ये जाऊन तपासतात, जागा सुरक्षित आहे का, काळजीचा उपयोग होतो का, मायेने वागवतात का, ज्याच्या त्याच्या गरजेकडे लक्ष देतात का, कारभार नीट आहे का, आणि मग चारपैकी एक दर्जा देतात जो होमला लोकांना दिसेल असा लावावा लागतो. त्यामुळे तिथे राहणारा मुलगा मला विचारतो की सिस्टर, इथल्या आश्रमांचं रेटिंग कुठे बघायचं, तर तसा रिपोर्ट उघडून वाचायची सोय आपल्याकडे नाही. आपल्याकडे २००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह आणि कल्याण कायदा आहे, त्याच्या १९ व्या कलमात प्रत्येक जिल्ह्यात निदान १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल अशा आश्रमाचा उल्लेख आहे आणि दर्जा कसा असावा ते राज्याने ठरवायचंय. २०१९ मध्ये केंद्राने रिटायरमेंट होमसाठी आदर्श मार्गदर्शक सूचना काढल्या, पण त्या राज्यांनी घ्यायच्या. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनची प्रोव्हेदोरिया ही सरकारी मदतसंस्था आहे, तिचे आश्रम चिंबल, पणजीचं आल्तिनो अशा ठिकाणी आहेत, ख्रिस्ती सिस्टरांचे आहेत, ट्रस्टचे आहेत, आणि आता बंगल्यात चालणारे खाजगी तर वाढतच चाललेत. महाग म्हणजे चांगला असं अजिबात धरून चालू नका, साध्या लोखंडी खाटा आणि स्वच्छ टाचा मी बघितल्यात, आणि एसी खोलीत सडलेली पाठही बघितलीय.

चांगला आश्रम ओळखायची एक खूण अशी की तो तुम्हालाच प्रश्न विचारतो. याआधी कधी पडल्या, रात्री किती वेळा उठतात, कशाला घाबरतात, काय म्हणून हाक मारायची, गिळायला त्रास आहे का, डॉक्टरांचे कागद दाखवा. आणि आल्या दिवशी अंगावर कुठे जखम, कुठे काळंनिळं आहे ते तुमच्यासमोर लिहून दोघांच्या सह्या घेतो. फोनवरच 'डिपॉझिट भरा, उद्या घेऊन या' म्हणणाऱ्याला तुमची आई कोण आहे यात काही रस नाही. तसंच 'मागच्या वर्षी इथे कोणी पडलं का' असं विचारा. 'आमच्याकडे कोणी पडतच नाही' हे उत्तर खरं असूच शकत नाही, म्हातारी माणसं पडतात. रजिस्टर काढून अमुक आजी पडल्या, मग आम्ही दिवा लावला, खाट खाली केली, असं सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवीन.

करार घरी नेऊन वाचा. पुढे माणूस अंथरुणाला खिळला तर ठेवणार की महिन्याच्या नोटिशीवर काढणार, डायपर नि फिजिओचे पैसे वेगळे का, माणूस गेल्यावर डिपॉझिट किती दिवसांत परत. पासबुक, एटीएम, आधार मूळ कागद ठेवून घ्यायची गरज नसते, झेरॉक्स द्या, पेन्शनचा हयातीचा दाखला नोव्हेंबरात कोण करून देणार ते ठरवा. घर किंवा जमीन आश्रमाच्या नाहीतर सांभाळणाऱ्या कोणाच्या नावावर करायचा विषय निघाला तर तिथेच थांबा आणि आधी वकिलाकडे जा. २००७ च्या त्याच ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या २३ व्या कलमाखाली, सांभाळ करायच्या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळ झाला नाही तर परत मिळवता येते, पण ती अट कागदावर लिहिलेली असली तर भांडणं बरंच सोपं जातं.

ठेवून झालं की काम संपत नाही. 'पहिला महिना भेटू नका, म्हणजे रुळतील' असं सांगतात, ते मला पटत नाही, पहिले काही आठवडेच सगळ्यात नाजूक, तेव्हाच जा, न सांगता जा, कधी जेवणाच्या वेळी, कधी रविवारी संध्याकाळी. परदेशात असाल तर गावातला भाऊ, मावशी, जुनी शेजारीण, कोणालातरी आठवड्याला जायला लावा, व्हिडिओ कॉलवर भरवसा ठेवू नका कारण बाजूला आया उभी असते आणि आई म्हणते सगळं बरं आहे. दंडावर बोटांच्या आकाराचे काळे डाग, सतत गुंगी, एखाद्या बाईचं नाव काढलं की गप्प होणं, चपला-चष्मा-दात हरवणं नि कोणाला त्याचं काही न वाटणं, कपडे दुसऱ्याचे, या गोष्टी तारखेसकट लिहून ठेवा.

आधी मॅनेजरशी बोला, शांतपणे, लेखी, कारण बऱ्याच गोष्टी तिथेच सुधारतात आणि आयांवर ओरडून त्याचा राग शेवटी तुमच्याच माणसावर निघायची भीती असते. सुधारलं नाही तर पणजीला समाजकल्याण संचालनालयाकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या, ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन १४५६७ सकाळी ८ ते रात्री ८ चालू असते, फोन फुकट आहे, म्हातारं माणूस स्वतःही करू शकतं. मारहाण, बांधून ठेवणं, उपाशी ठेवणं असं दिसलं तर मात्र अर्ज-बिर्ज नंतर, आधी ११२ लावा, माणसाला जीएमसीत किंवा जवळच्या सरकारी इस्पितळात नेऊन तपासून घ्या आणि जखमांची नोंद डॉक्टरांच्या कागदावर येईल असं बघा, डिपॉझिटचं काय ते मागाहून.